पोटावरचा हात

घरत सिस्टरांशी माझी ओळख भांडणानं झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे मी त्यांचं इतकं कौतुक करणार आहे की तुम्हाला वाटेल, ही बाई पहिल्या दिवसापासून त्यांची भक्तीण होती. छे हो! पहिले सहा महिने मला त्या मुळीच आवडत नव्हत्या.

मी आहारतज्ज्ञ. महाप्याजवळच्या एका हॉस्पिटलात नुकतीच लागले होते, आणि आयसीयूतल्या पेशंटना नाकातल्या नळीतून जे पातळ जेवण देतात ते कुणाला किती द्यायचं हे ठरवणं माझ्याकडे होतं. डिग्री नवीन, पांढरा कोट नवीन, डोक्यात हवा तर विचारू नका. पहिल्याच आठवड्यात न्हावा शेवाच्या बंदरावर कंटेनरच्या कामात जखमी झालेला एक दणकट माणूस आला. मी त्याच्या वजनाप्रमाणे काटेकोर हिशेब मांडून तासाला किती मिली द्यायचं ते लिहून गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पंप निम्म्यावर.

"हे कुणी कमी केलं?"

"मी डॉक्टरला फोन करून कमी करून घेतलं," कोपऱ्यातून आवाज आला. बुटकी, सावळी, पन्नाशी उलटलेली बाई. केसांचा घट्ट अंबाडा, कानात जुन्या घडणीच्या सोन्याच्या कुड्या. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत उभी होती.

"पण त्याला एवढ्या कॅलरीज लागतातच!"

"लागतात ना. मी कुठं नाय बोलते? पन त्याचं पोट तयार नाय अजून." एवढं बोलून त्यांनी चोळून गरम केलेला हात पेशंटच्या पोटावर ठेवला. मग स्टेथोस्कोप लावला, पोटाच्या एका बाजूला, मग दुसऱ्या, मग खाली. मी घड्याळाकडे बघत ताटकळत उभी, आणि बाई डोळे मिटून ऐकतायत. शेवटी म्हणाल्या, "जरा जरा बोलायला लागलंय. संध्याकाळी थोडं वाढवू. तुमी नाराज नका होऊ, क्यालरी म्याडम."

ते नाव मग मला कायमचं चिकटलं. वॉर्डबॉयसुद्धा मागून क्यालरी म्याडम म्हणायचे. मी तावातावानं मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले. ते फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "घरत सिस्टरांनी सांगितलंय ना? मग राहू दे." माझा असा काही तिळपापड झाला म्हणता!

त्या जासईच्या. माहेर-सासर दोन्ही आगऱ्यांचं, सासऱ्यांची भातशेती होती, ती केव्हाच गेली आणि आता तिथं कंटेनरचं यार्ड आहे. नर्सिंगच्या शाळेत गेलेल्या गावातल्या त्या पहिल्याच. बोलायच्या मुंबईचं मराठी, पण रागावल्या किंवा गावाकडचं माणूस भेटलं की खालून गावची बोली उसळून वर यायची. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. त्या सुकटीच्या वासावरून नर्सिंग रूममध्ये आठवड्याला एक तरी कुरबूर व्हायची, पण साडेअकरा वाजले की त्यांचा डबा उघडलाच. "दुसऱ्याचं पोट बघनारीनं आपलं उपाशी ठेवू नये," हे त्यांचं पेटंट वाक्य. नव्या मुलींना जेवल्याशिवाय दुपारच्या कामाला हात लावू द्यायच्या नाहीत.

सकाळी सातला ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका पेशंटची हकीकत सांगते. बीपी इतकं, ऑक्सिजन इतका, व्हेंटिलेटरचे आकडे असे असे. घरत सिस्टर सगळं मान हलवत ऐकायच्या आणि मग विचारायच्या, "ते झालं. पोट कसं हाय? झाली का?" झाली का म्हणजे काय ते सांगायला नकोच. पोरी फिदीफिदी हसायच्या. सिस्टर मात्र तीन दिवस झाली नाही म्हटलं की चौथा उजाडू द्यायच्या नाहीत.

एकदा तर भर राउंडमध्ये. मोठे डॉक्टर, मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर, सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. व्हेंटिलेटर काढायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पेशंटला धाप लागली, असं का होतंय यावर फुफ्फुसांची मोठमोठी चर्चा चाललेली. मागून सिस्टर म्हणाल्या, "साहेब, सुट्टीवरून आजच आले मी. याला पाचवा दिवस हाय, झाली नाय."

शिकाऊंपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब वैतागले. "सिस्टर, आपण फुफ्फुसांबद्दल बोलतोय."

"मी पन फुफ्फुसांबद्दलच बोलते, साहेब. पोट बघा कसं टम्म झालंय. ते खालून वर ढकलतंय. तो श्वास घेनार कुठं?"

साहेबांनी पांघरूण बाजूला करून पोटावर बोटं वाजवून बघितली आणि औषध लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूत कोण आनंद! "पाचव्या नंबरची झाली!" अशी बातमी काउंटरपासून लिफ्टपर्यंत पोचली. सिस्टरांनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला. त्याच आठवड्यात त्या माणसाचा व्हेंटिलेटर निघाला. नुसतं पोट साफ झालं म्हणून निघाला असं मी म्हणणार नाही, पण हसणारा तो शिकाऊ डॉक्टर त्यानंतर राउंडला आला की आधी पांघरूण बाजूला करायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांच्या कामाची पंचाईत अशी, की ते नीट झालं तर दाखवायला काही उरत नाही. ऑपरेशन करणाऱ्याला टाके दाखवता येतात. यांनी काय दाखवायचं? उलटी झाली नाही. पोटातलं छातीत उतरलं नाही. जुलाबांनी पाठीची कातडी सोलली नाही. न झालेल्या गोष्टींसाठी कोण सत्कार करणार? सिस्टरांना त्याचं वाईट वाटायचं की नाही कोण जाणे. मला मात्र नंतर नंतर त्यांच्या वतीनं राग यायला लागला.

पेशंटचं डोकं कायम उंच हवं, हा त्यांचा दुसरा हट्ट. पलंगाच्या बाजूला त्यांनी लाल पट्टी चिकटवून ठेवली होती, डोक्याकडचा भाग त्या पट्टीच्या खाली आला की खैर नाही. आणि तो खाली आणणारं माणूस बहुतेक वेळा घरचंच असायचं, तेही मायेपोटी. दिवाळे गावची एक कोळीण नवऱ्याला भेटायला आली. सहा दिवस तो अर्धवट बसलेल्या स्थितीत बेशुद्ध, मान एका अंगाला कललेली. तिला ते बघवेना. कुणाचं लक्ष नाही बघून तिनं पलंगाचा दांडा फिरवला आणि त्याला छान आडवा केला, उशी सारखी केली, केसांवरून हात फिरवला.

सिस्टर पलीकडच्या बेडवरून धावत आल्या. "अगो बाय, कनाला खाली केलंस?"

"मानूस सहा दिस बसूनच हाय! त्याला जरा नीट झोपूं तरी द्या!"

मला वाटलं आता दोघींची जुंपणार. पण सिस्टरांनी आधी दांडा फिरवून डोकं वर घेतलं आणि मग तिचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं. "बाय, पोटभर जेवून तू लगेच आडवी झालीस तर काय होतं? आंबट पानी घशाशी येतं ना? मग तू काय करतेस? उठून बसतेस. तुझा नवरा उठनार हाय का? त्याचं वर आलेलं सरळ छातीन उतरंल. म्हनून मी त्याला बसवलाय. त्याच्यावर माझा काय राग नाय."

त्या दिवसापासून ती कोळीण रोज आली की आधी लाल पट्टी बघायची आणि शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांवरसुद्धा डाफरायची. सिस्टरांना तिनं निघताना बोंबील आणून दिले, ते मात्र त्यांनी घेतले. "पैसे असते तर नसते घेतले," म्हणाल्या.

एवढी काळजी का, हे मी एकदा डबा खाताना विचारलं. सुकट मला तोपर्यंत आवडायला लागली होती, मैत्री केव्हा झाली ते कळलंच नाही. सिस्टरांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. म्हणाल्या, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या हॉस्पिटलात, उरणकडचा एक तरुण होता. बरा होत होता. सगळे मॉनिटरकडे बघत होते आणि मॉनिटर छान होता. नळीतून जेवण चालू होतं आणि पोट फुगत होतं. चादरीखाली. "मग उलटी झाली आनी सगळी छातीत गेली. चार दिवसांनी वारला. मी चादर बदलली होती त्याची त्या दिवशी. चादर बदलली, पन हात नाय ठेवला." एवढंच. त्यांनी भाकरी संपवली, डबा धुतला आणि कामाला गेल्या. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पण तुम्हाला वाटेल बाई गंभीर होत्या. अजिबात नाही! बेशुद्ध पेशंटशी त्या अखंड गप्पा मारायच्या. नळीतून जायचं ते सगळ्यांना एकच, डब्यातल्या पावडरीचं दुधासारखं पातळ. पण सिस्टर पंप चालू करताना कानाशी वाकून मेनू सांगायच्या. "काका, उठा, जेवन आलंय. आज पापलेट हाय हां, सुरमई नाय मिळाली." माझं हसून हसून पोट दुखायचं. त्या म्हणायच्या, "कान ऐकतात, म्याडम. आनी जेवनाचं नाव ऐकलं की पोट पन जागं होतं."

कान ऐकतात हे शेवटी भलतीकडेच सिद्ध झालं. कोपरखैरण्याचे एक माळकरी काका नऊ दिवसांनी शुद्धीवर आले, नळ्या निघाल्या, आणि पहिली गोष्ट त्यांनी मुलाला रडत रडत सांगितली, की मला इथं रोज मासे खायला घातले. मुलगा तणतणत काउंटरवर. "आमच्या घरात सात पिढ्या कुणी अंड्याला हात लावला नाही!" मी पावडरीचा डबा घेऊन धावले, त्यावरचा हिरवा ठिपका दाखवला, तरी तो ऐकेना. शेवटी सिस्टर गेल्या, काकांसमोर दोन्ही कान धरून उभ्या राहिल्या. "काका, मासे मी फकस्त बोलले. तुमाला दूधच दिलंय. माझ्या तोंडाला दुसरं काय येत नाय हो, आमी आगरी मानसं." काका डोळे पुसत हसले. म्हणाले, "आता उद्यापासून पुरणपोळी बोला."

त्या दिवसापासून नियम झाला. पेशंट आला की सिस्टर घरच्यांना आधी विचारायच्या, यांना काय आवडतं? आणि मग तेच सांगायच्या. पिठलं, बिर्याणी, साबुदाण्याची खिचडी, जे असेल ते.

या नियमातूनच पुढचं सगळं झालं.

काही वर्षांनी, सिस्टरांच्या निवृत्तीला महिना राहिला होता तेव्हा माझे बाबा त्याच आयसीयूत आले. न्यूमोनिया. दुसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटरवर. सिस्टरांनी मला विचारलं, "बाबांना काय आवडतं?" मी म्हटलं, "चहा. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, पण चहा." अकरा दिवस सिस्टर बाबांच्या कानात सांगत होत्या, "भाऊ, च्या आलाय. आलं टाकून." अकरा दिवसांत बाबांचं पोट एकदाही बिघडलं नाही. बाराव्या दिवशी घशातली नळी निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, फुफ्फुसं फार दमलीयत, पुन्हा व्हेंटिलेटरवर जायची पाळी आली तर यातून ते निघणार नाहीत. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. "तोंडावाटे काही नाही" हा कागद मीच माझ्या हातानं लिहून पलंगाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मुग्धा, पाठ मोडली गं बसून." मी डोक्याकडचा भाग खाली घेतला. मग ते म्हणाले, "रोज चहा चहा म्हणतात. देत कुणीच नाही." आणि लहान मुलासारखं तोंड करून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पर्समध्ये थर्मास होता. हो, मी दिला. इतकी वर्षं लोकांना शिकवणारी मी, स्वतःच्या हातानं, दोन चमचे. पहिला गेलासा वाटला. दुसऱ्याला ठसका लागला, आणि मग आवाज असा झाला, जणू घशात पाणी खळखळतंय. मॉनिटर वाजायला लागला.

सिस्टरांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं. डोकं वर. नाकातल्या नळीचं जेवण बंद, पोटातलं सिरिंजनं ओढून बाहेर, घशात सक्शन, तोंडावर ऑक्सिजन, दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन. मी भिंतीला चिकटून उभी. थर्मास त्यांना दिसला. बाबांचा ऑक्सिजन जरा सावरल्यावर फाइल आणून माझ्यासमोर धरली.

"लिही."

"सिस्टर, प्लीज..."

"दोन चमचे का तीन, ते लिही. वेळ लिही. पलंग खाली होता ते लिही. खरं कळलं तर डॉक्टर खरं औषध देतील." मग म्हणाल्या, "आनी हे पन लिही, की अकरा दिवस घरत सिस्टर त्यांना च्याचं नाव सांगत होती. चूक माझी पन हाय."

मी ते लिहायला तयार नव्हते. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि ती ओळ स्वतः लिहिली. खाली सही केली.

दोघींना मेमो आला. बाबा आयसीयूत असेपर्यंत मला तिथलं काम बंद, फक्त नातेवाईक म्हणून दोन वेळा दहा मिनिटं भेट. सिस्टरांना निवृत्तीच्या तोंडावर, सगळ्या नोकरीतला पहिला मेमो, माझ्यामुळे. माझी मान वर होत नव्हती. बाबांना त्याच संध्याकाळी ताप चढला. एक्स-रेत उजव्या बाजूला पांढरं आलं. पुन्हा व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे तासातासाला ठरत होतं. सिस्टर दोनला सुटायच्या, त्या तिन्ही दिवस सातपर्यंत थांबल्या. दर दोन तासांनी बाबांचं तोंड आतून पुसायचं, कूस बदलायची, पोटावर हात ठेवायचा, थेंब थेंब जेवण पुन्हा सुरू करायचं. माझ्याशी एक शब्द नाही. काचेतून मी बघायची आणि मनात म्हणायची, अहो, एकदा शिव्या तरी घाला मला!

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी काचेबाहेर उभी राहून भोकाड पसरून रडले, येणारे-जाणारे बघत होते, पण मला कसली लाज!

बाबांना घरी आणलं त्याच दिवशी सिस्टरांचा निरोपसमारंभ होता, त्यामुळे तो माझा हुकला. आता त्या जासईला असतात, फोनवर बोलतात, नातीच्या तक्रारी सांगतात. पण गणवेशातल्या घरत सिस्टर मी शेवटच्या पाहिल्या त्या त्याच्या चार दिवस आधी; मग बाबा वॉर्डात गेले आणि मी रजा घेऊन त्यांच्यापाशी. गिळण्याची तपासणी सकाळी झाली होती, नीट होती. पातळ अजून नको, दाट चालेल, असं डॉक्टर लिहून गेले होते. मी भेटीच्या वेळेला पोचले तर सिस्टर वाटीत घट्ट दही घेऊन बाबांसमोर उभ्या. बाबा ताठ बसलेले.

मी नेहमीसारखी पायाशी उभी राहिले. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. "घे. तू दे."

"मी नाही, सिस्टर. माझा हात..."

"अर्धा चमचा. हनुवटी खाली. गिळल्याशिवाय दुसरा नाय."

मी वाटी घेतली. चमच्यात अर्ध्याहून जास्तच दही आलं, ते वाटीच्या काठाला निपटलं. मला वाटलं, आता त्या शेजारी उभ्या राहतील, सक्शनवर हात ठेवून. बाबांनी तोंड उघडलं. मी हनुवटी खाली घेतली आणि सिस्टरांकडे बघितलं, तर त्या तिथं नव्हत्याच. पाठ फिरवून सात नंबरच्या बेडपाशी जाऊन कुणाशी तरी बोलत होत्या, आणि मी दिलेला तो अर्धा चमचा बाबांनी गिळेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.